राजधानी पाहायची कशी? समरकंदपासून माहुलीच्या घाटापर्यंत

(कोरेगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ राहावा म्हणून भाषा फारशी बदललेली नाही.)



विषय जाहीर झाला आणि आम्हाला फोन यायला लागले. 'समरकंद आणि कोरेगाव? हे कुठलं कुठं जमवलंय?' शंका बरोबर आहे. तेव्हा हे कसं सुचलं ते आधी सांगतो.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त गुरुजी उझबेकिस्तानची सहल करून आले. ताश्कंदला विमानाने, तिथून रेल्वेने समरकंद. परत आल्यावर त्यांनी आम्हाला मोबाईलवर फोटो दाखवले. निळे घुमट, नक्षीच्या भिंती, तैमूरच्या कबरीवरचा काळपट हिरवा दगड. गुरुजी अगदी भारावले होते. आम्ही सहज विचारलं, 'गुरुजी, आपल्या माहुलीच्या घाटाच्या पायऱ्या उतरून खाली गेलाय का कधी?' गुरुजी जरा थांबले. म्हणाले, 'पुलावरून चाळीस वर्षं जातोय. खाली उतरलो ते फक्त कुणाला तरी पोहोचवायला.'

हे एकट्या गुरुजींचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे. कोरेगावहून सातारा वीस किलोमीटरच्या आत-बाहेर. आपण तिथे कशाला जातो? कोर्ट, दवाखाना, कॉलेज, कलेक्टर कचेरी, लग्नाचा बस्ता. आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की साताऱ्याला वळसा घालून कास, ठोसेघर, महाबळेश्वर. ज्या शहरात मराठ्यांची गादी १८४८ पर्यंत होती, त्या शहरातून आपण पाहुण्यांना गाडीच्या काचा वर करून नेतो.

तर आज एवढंच बोलायचं आहे, की जुनी राजधानी पाहायची कशी. 'पाहण्यासारखी ठिकाणं' अशी यादी छापील पत्रकावर मिळते. यादीनं पाय दुखतात, समजत काही नाही. आम्ही स्वतःपुरते पाच प्रश्न ठरवले आहेत. कुठल्याही राजधानीत गेलं की ते विचारायचे. एक, गादी इथेच का आली? दोन, पाणी कुठून येत होतं? तीन, बाजार कुठे भरत होता? चार, सत्ता कुठे बसत होती? पाच, गेलेल्या माणसांना कुठे ठेवलं? या पाच उत्तरांच्या मागे पाय नेले, की शहर आपोआप पाहून होतं.

आधी समरकंद

तैमूरने १३७० च्या सुमारास समरकंदला आपली राजधानी केली. तिथेच का? कारण झरफशान नदीचं खोरं सुपीक, आणि चीनपासून इराणपर्यंत जाणारे व्यापाराचे रस्ते तिथे एकत्र येत होते. पाण्याचं म्हणाल तर नदीतून कालवे काढून ते शहरभर खेळवलेले. बाजार अजून जागेवर आहे. सियाब बाजारात सकाळी गेलात तर गोल, जाड, मधे ठसा उमटवलेल्या रोट्यांचे ढीग दिसतात. पाहुणे त्या रोट्या घरी घेऊन जातात, आपल्याकडे कंदी पेढे नेतात तशा.

सत्ता आणि विद्या एकाच चौकात दिसते. त्या चौकाचं नाव रेगिस्तान. आपल्याला वाटतं ओसाड प्रदेश असेल. तसं नाही. रेगिस्तान म्हणजे वाळूची जागा. आपण पंढरपूरला चंद्रभागेचं 'वाळवंट' म्हणतो ना, त्यातलाच प्रकार. या चौकाच्या तीन बाजूंना तीन मदरसे. पहिला उलूग बेगचा, १४१७ ते १४२० मध्ये बांधलेला. बाकीचे दोन, शेरदोर आणि तिलाकारी, सतराव्या शतकातले. म्हणजे जे दृश्य आपण एका फोटोत पाहतो, ते पुरं व्हायला दोनशेहून जास्त वर्षं लागली. उलूग बेग हा तैमूरचा नातू. राजा होता, पण जीव ताऱ्यांत. त्याने बांधलेली वेधशाळा नंतर मोडली, जमिनीत गेली, आणि १९०८ मध्ये खणून तिचा पाया पुन्हा शोधला. आज पाहुणे तिथे जमिनीत उतरणारी दगडी कमान पाहतात.

पाचवा प्रश्न, गेलेली माणसं. गूर-ए-अमीर या घुमटाखाली तैमूर आहे, नातू उलूग बेगही आहे. शाह-ए-जिंदा नावाची कबरींची अख्खी गल्ली आहे. समरकंदला जाणारा माणूस या दोन ठिकाणी जातोच. युनेस्कोने २००१ मध्ये या शहराला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

पण सगळं गोडच आहे असं समजू नका. बीबी खानम ही प्रचंड मशीद तैमूरने हिंदुस्थानच्या स्वारीनंतर, १३९९ मध्ये बांधायला घेतली. घाईत बांधली, लवकरच पडायला लागली, १८९७ च्या भूकंपात आणखी ढासळली. आज दिसते त्यातला मोठा भाग विसाव्या शतकात नव्याने उभारलेला. आणि शहर 'देखणं' करताना काही जुन्या वस्त्या रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून भिंतीआड गेल्या. वारसा जपणं आणि वारसा चकचकीत करणं यांत फरक असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

समरकंद आणि सातारा यांची गाठ

आता तुम्ही म्हणाल, तुलना ठीक आहे, पण संबंध काय? संबंध आहे, आणि तो अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीच आहे.

बाबर हा तैमूरच्या वंशातला. फरगणातून येऊन त्याने १४९७ मध्ये समरकंद घेतलं आणि गमावलं. पुन्हा घेतलं, पुन्हा गमावलं. ते हाती राहीना, तेव्हा तो काबूलकडे आणि पुढे हिंदुस्थानकडे वळला. पण घराण्याच्या मनातून समरकंद काही गेलं नाही. शाहजहानने मध्य आशियात फौजा पाठवल्या, आणि १६४७ मध्ये बल्खच्या मोहिमेवर तरुण शाहजादा औरंगजेब स्वतः गेला. थंडी, रसदेचे हाल, आणि शेवटी माघार. समरकंद दूरच राहिलं.

हाच औरंगजेब डिसेंबर १६९९ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, साताऱ्याच्या किल्ल्याखाली तंबू ठोकून बसला होता. करंजे गावच्या बाजूला त्याची छावणी होती. आज तिथे आपल्याच लोकांची घरं आहेत, आपण तिथल्या हळदीकुंकवाला जातो. तैमूरच्या राजधानीची ओढ असलेलं घराणं, आणि त्याचा बादशहा म्हातारपणी आपल्या राजधानीसमोर अडकलेला. साताऱ्याला आलेल्या पाहुण्याला ही एवढी एक गोष्ट सांगितली, तरी तो किल्ल्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

डोंगर: गादी इथेच का?

किल्ला जुना. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला म्हणून ओळखला जातो. शिवाजी महाराजांनी तो १६७३ मध्ये घेतला. पण राजधानी झाला तो नंतर. राजाराम महाराज जिंजीला गेले होते. तिथून ते १६९८ मध्ये महाराष्ट्रात परतले आणि गादी साताऱ्याला आली.

का ते किल्ल्यावर चढल्याशिवाय कळत नाही. वर जा आणि चारी बाजूंना पाहा. एकीकडे यवतेश्वर, एकीकडे सज्जनगड, पूर्वेला आपला जरंडेश्वर. खाली कृष्णा आणि वेण्णेची खोरी. घाटमाथ्याकडून येणारा आणि देशावरून येणारा, दोन्ही रस्ते नजरेत. पाहुण्यांना आम्ही वर नेऊन फक्त एवढंच करतो. त्यांना गोल फिरवतो आणि विचारतो, 'शत्रू कुठून येईल?' लहान पोरंसुद्धा बरोबर बोट दाखवतात.

मग मंगळाईच्या बुरुजाकडे जायचं. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी किल्ला चार महिन्यांहून जास्त लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. १३ एप्रिल १७०० ला बत्ती दिली. पहिल्या सुरुंगाने तटाचं नुकसान झालं, आपली माणसं दबली. दुसरा मात्र उलटा उडाला. तट बाहेरच्या बाजूला, चढाईला तयार उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच कोसळला. जुन्या इतिहासात मेलेल्यांचा आकडा दोन हजारांपर्यंत सांगितलेला आहे. तरीही दाणागोटा संपत आला होता, आणि मार्चच्या सुरुवातीला सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं होतं. एप्रिलच्या २१ तारखेला किल्ला मोगलांना मिळाला. शाहजादा आझमच्या नावावरून त्याला 'आझमतारा' म्हणायला लागले. पुढे काही वर्षांत मराठ्यांनी तो परत घेतला, आणि ताराराणींच्या काळातलं 'अजिंक्यतारा' हे नाव राहिलं.

नावात गंमत आहे बघा. अजिंक्य म्हणजे न जिंकलेला. किल्ला तर जिंकला गेला होता. पण ताब्यात येऊनही बादशहाला तो ठेवता आला नाही. त्या नावात हा हिशेब आहे.

वर मंगळाईचं मंदिर, पाण्याची टाकी, ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष आहेत. सकाळी लवकर जा. उन्हं तापली की चढण अंगावर येते, आणि वर खायला-प्यायला मिळेल असं धरून चालू नका. उतरताना चार भिंतीला थांबायचं. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळात दसऱ्याची मिरवणूक पाहायला बांधलेली ही जागा आता हुतात्म्यांचं स्मारक आहे. इथे रंगो बापूजी गुप्ते यांचं नाव घ्यायचं. प्रतापसिंहांवरचा अन्याय सांगायला हा माणूस लंडनला गेला आणि चौदा वर्षं तिथे दारं ठोठावत राहिला. परत आला तो रिकाम्या हाताने, आणि १८५७ च्या उठावाच्या तयारीत उतरला. त्या कटातल्या सतरा जणांना साताऱ्यात गेंडामाळावर देहदंड झाला. रंगो बापूजी हाती लागले नाहीत.

पाणी आणि पेठा

१७०७ मध्ये औरंगजेब गेला, शाहू महाराज सुटून आले, आणि १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. काही काळाने गादी डोंगरावरून खाली आली. किल्ल्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसलं, तेच आजचं सातारा. राजधानी डोंगरावरून खाली उतरते ती केव्हा? जेव्हा राजाला वेढ्याची भीती कमी आणि बाजाराची गरज जास्त वाटते तेव्हा. हा बदल पायांनी अनुभवता येतो. अजिंक्यतारा उतरून राजवाड्याकडे चालत या, बस्स.

खाली वस्ती म्हणजे पाणी हवं. डोंगरातून येणारं पाणी वळवून शहरात आणलं, तळी बांधली. मंगळवार तळं, मोती तळं, फुटकं तळं ही नावं आपल्या तोंडात आहेत, पण पाहुण्याला आपण ती दाखवत नाही, कारण आपल्याला ती गणपती विसर्जनापुरती आठवतात. पश्चिमेला महादऱ्याचा तलाव आहे. कासच्या तलावाचं पाणी शहरापर्यंत आलं ते नंतर, इंग्रजी अमदानीत. म्हणजे कासला फुलं पाहायला जाणारा पाहुणा खरं तर साताऱ्याच्या पाण्याच्या वाटेनेच उलटा जात असतो. त्याला हे सांगा.

पाण्यावरून आठवलं. साताऱ्यापासून साधारण सोळा किलोमीटरवर लिंब गावाजवळ बारा मोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाईंनी ती बांधवली. बांधकामाची सालं शिलालेखात आहेत, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. विहीर अष्टकोनी. व्यास सुमारे पन्नास फूट, खोली सुमारे एकशे दहा फूट. नाव बारा मोटेची, पण सोय पंधरा मोटांची. वर बसायला चक्क छोटा महाल. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तिथे कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. मोट कुठे लागत होती, बैल कसे मागे यायचे, पाणी कुठे पडायचं, दगडातच दिसतं. ज्यांचे आजोबा मोट हाकायचे त्यांनी नातवंडांना इथे जरूर न्यावं.

आता बाजार. साताऱ्याच्या पेठांची नावं नुसती वाचत चाला. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. मग यादोगोपाळ पेठ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, बसाप्पा पेठ, प्रतापगंज, रामाचा गोट. वारांच्या पेठा, माणसांच्या पेठा, आणि 'गोट' म्हणजे छावणी. नावांतच शहराची जडणघडण आहे. समरकंदला रोटी, तसे इथे कंदी पेढे. पेढे घेताना दुकानदाराला घाई नसेल तर खवा किती वेळ परततात ते विचारा. तो रंग आणि ती खमंग चव त्या परतण्यातून येते.

वाडा: सत्ता कुठे बसत होती?

इथे एक गुंता आहे, आणि तो पाहुण्याला नीट सांगायला हवा. शाहू महाराजांचं निधन डिसेंबर १७४९ मध्ये झालं. त्यानंतर गादी साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, अशी विभागणी झाली. पण पेशवा कितीही मोठा झाला तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागत. राजधानीत सत्ता नव्हती, पण सत्तेवर शिक्का राजधानीचाच लागत होता.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, आणि इंग्रजांनी १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या राज्यावर बसवलं. त्यांच्याजवळ इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून आला तो जेम्स ग्रँट डफ. त्याने इथे कागदपत्रं जमवली आणि पुढे १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला आली होती, आठवतंय? ती तिकडे ग्रँट डफच्या घराण्याकडून गेली होती. ती नेमकी कुणी वापरलेली यावर वाद आहे. पण ती साताऱ्यातून परदेशी गेली, ही गोष्टही राजधानीच्या इतिहासाचाच भाग आहे.

प्रतापसिंहांनी जुना राजवाडा १८२४ च्या सुमारास बांधला. शेजारचा नवा राजवाडा त्यानंतरचा. शहरातले रस्ते, पाणी, महाबळेश्वरचा रस्ता, यांत त्यांनी लक्ष घातलं. म्हणजे साताऱ्याला टाळून आपण ज्या दिशेने पाहुण्यांना नेतो, तो रस्ताही साताऱ्याच्या राजाने करवलेला! या राजाला इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं. तिथेच ते १८४७ मध्ये वारले. भाऊ आप्पासाहेब शहाजी गादीवर आले, ते एप्रिल १८४८ मध्ये गेले, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. पुढे झाशी, नागपूर यांचं जे झालं त्याची सुरुवात आपल्या साताऱ्यापासून झाली.

पण राजवाड्याची गोष्ट इथे संपत नाही. राजवाड्याच्या आवारातल्या शाळेत, जिला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आणि राजघराण्याकडून मिळालेल्या धनिणीच्या बागेत कर्मवीर भाऊराव पाटलांनी बहुजनांच्या मुलांचं वसतिगृह चालवलं. गादी गेली, पण गादीच्या जागेत शाळा आली. समरकंदच्या रेगिस्तानातल्या मदरशांत आज आठवणवस्तूंची दुकानं आहेत. साताऱ्याच्या राजवाड्याशी मात्र शाळेची घंटा जोडलेली आहे. कुठली राजधानी जास्त जिवंत, ते तुम्हीच ठरवा.

घाट: गेलेली माणसं

आता पाचवा प्रश्न. यासाठी सातारा गाठायलाच नको. कोरेगावहून निघालं की कृष्णेच्या अलीकडे क्षेत्र माहुली, पूल ओलांडला की संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा दोघी महाबळेश्वरच्या, वाटा वेगळ्या, आणि भेट इथे. संगमावरचं विश्वेश्वराचं मंदिर १७३५ च्या सुमारास श्रीपतराव पंत प्रतिनिधींनी बांधलं. दगडी घाट, दीपमाळा, नंदी. पेशव्याला तोंडावर शिक्षा सुनावणारे रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

आणि इथेच राजघराण्याच्या समाध्या आहेत. शाहू महाराजांची. महाराणी ताराबाईंची. औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिलेली ही बाई १७६१ च्या डिसेंबरात, पानिपतच्या वर्षी, साताऱ्यात वारली. येसूबाईंची समाधीही याच परिसरात दाखवतात. मोगलांच्या कैदेत तीस वर्षं काढून त्या १७१९ मध्ये परतल्या होत्या. एका कुत्र्याचीही समाधी आहे. शाहू महाराजांना शिकारीत वाघापासून वाचवणारा हा कुत्रा. लोक त्याला खंड्या म्हणतात. महाराजांनी त्याला जरीचा पोशाख घातला, पालखी दिली, अशी हकिकत ग्रँट डफनेही लिहून ठेवली आहे. मुलांना बरोबर नेलंत तर इथून सुरुवात करा. खंड्याची गोष्ट ऐकली की पुढच्या सगळ्या समाध्या ती न कंटाळता पाहतात.

तैमूर घुमटाखाली आहे. आपली ताराराणी नदीकाठी, पुराच्या पाण्याच्या टप्प्यात आहे. कृष्णा फुगली की गाळ येतो, वाळू चढते, दगड हलतात. दर पावसाळा काहीतरी घेऊन जातो. आणि हे होताना पुलावरून जाणारे आपण असतो, रोज.

घाटाच्या बाजूलाच स्मशानभूमी आहे. सातारचे लोक आजही आपली माणसं इथेच आणतात. गुरुजी म्हणाले तसे आपण खाली उतरतो ते त्यासाठी. आम्हाला यात वाईट वाटत नाही. राजाचा आणि रयतेचा शेवटचा घाट एकच असणं, हे समरकंदला सापडणार नाही. फक्त एकदा कुणाला पोहोचवायचं नसताना उतरा.

एक दिवस कसा काढायचा

घरी पाहुणे आलेत, हाती एक दिवस आहे, असं धरू. सकाळी सहा-साडेसहाला कोरेगाव सोडा. पहिला तास माहुलीत, ऊन कोवळं असताना. मग थेट अजिंक्यतारा, दोन-अडीच तास. उतरताना चार भिंती. जेवून राजवाडा परिसर, तिथून एखादं तळं, दोन-तीन पेठा पायी. गाडी लावून टाका, पेठा गाडीतून दिसत नाहीत. दुपारनंतर वस्तुसंग्रहालय, पण सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. संध्याकाळी पेढे. लिंबची विहीर आणि सज्जनगड दुसऱ्या दिवशी. दसऱ्याला आलात तर जलमंदिरापासून पोवई नाक्यापर्यंत निघणारी भवानी तलवारीची मिरवणूक पाहा. ज्यासाठी चार भिंती बांधली, ती परंपरा अजून चालू आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

एका ताईंनी विचारलं, 'मग कासला न्यायचंच नाही का?' न्या की! कास पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारशात आलं आहे. पण हंगामातल्या रविवारी गर्दीत उभं राहण्यापेक्षा मधला वार धरा, आधी नोंदणी करा, आणि जाताना अर्धा दिवस साताऱ्याला द्या.

मागून एका विद्यार्थ्याने विचारलं, 'युनेस्कोच्या यादीत अजिंक्यतारा आहे का?' चांगला प्रश्न. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. त्यांत आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे, तमिळनाडूतली जिंजीही आहे. अजिंक्यतारा नाही. म्हणजे राजाराम महाराजांची जिंजीची राजधानी यादीत आहे, साताऱ्याची नाही. वाईट वाटू द्या, पण रुसू नका. यादीत नाव येण्याआधी आपल्या येण्याजाण्यात नाव यावं लागतं.

तिसरा प्रश्न एका काकांचा, 'आम्ही करायचं काय?' काका, आधी काय करायचं नाही ते सांगतो. उत्साहाच्या भरात समाधीला, मंदिराला ऑइलपेंट फासायचा नाही. सिमेंटने भेगा बुजवायच्या नाहीत. मगाशी म्हणालो ना, जपणं वेगळं, चकचकीत करणं वेगळं. जुन्या दगडी कामात चुना असतो. त्यावर सिमेंट बसलं की पाणी आत अडकतं आणि दगडच फुटतो. दुरुस्ती हे पुरातत्त्व खात्याचं आणि जाणकारांचं काम, त्यांच्या परवानगीनेच. आपण करायचं ते सोपं आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा माहुलीला जायचं, त्याच जागी उभं राहून त्याच समाधीचा फोटो काढायचा, तारीख लिहायची. दहा घरांनी पाच वर्षं हे केलं, तर काय हललं, काय बुडालं, याचा पुरावा तयार होतो. अर्ज करताना भावना चालत नाहीत, फोटो चालतो.

शेवटचं सांगतो. हे व्याख्यान ठरल्यावर आम्ही गुरुजींना बरोबर घेऊन माहुलीला गेलो. पायऱ्या उतरलो. गुरुजींनी ताराराणींच्या समाधीपाशी चप्पल काढली, जरा वेळ उभे राहिले, आणि मोबाईल काढून फोटो घेतला. समरकंदच्या फोटोंना लागूनच आता तो आहे. तारीखही पडली आहे.

आता पावसाळ्यानंतरचा घ्यायचा आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी दसऱ्याच्या आदल्या रविवारी सकाळी साडेसहाला पुलाच्या अलीकडे थांबावं.